मातीच्या लहान धरणावर पहिली पाहणी करताना

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन सिंधुदुर्गात कामाला लागलो, तेव्हा माझ्या वाट्याला आली ती पर्यटकांच्या नौकाविहारासाठी बांधलेली, सात-आठ मीटर उंचीची मातीची धरणे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान धरणाची भिस्त बव्हंशी मालकावर आणि पाहणी करणाऱ्यावर असते. नव्याने येणाऱ्यांनी म्हणूनच 'लहान' या शब्दावर विसंबू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेले चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणही मातीचेच होते आणि त्याखालच्या वाडीतील माणसे घरांसह वाहून गेली.

पाहणीची सुरुवात मी नेहमी सांडव्यापासून, म्हणजे तलावातले जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेपासून करतो. माथ्यावरून पाणी गेले तर दगडी धरण ते काही काळ सोसते. मातीचे धरण मात्र खालच्या उताराकडून धुपत जाऊन काही तासांत कापले जाते. उन्हाळ्यात होड्या तरंगाव्यात म्हणून सांडव्याच्या मुखाशी फळ्या आणि वाळूची पोती रचण्याची, तसेच मासे निसटू नयेत म्हणून जाळी बांधण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा त्या जाळीत अडकतो आणि पाण्याची वाट बंद होते. मे महिन्यात हे सारे काढायला लावणे हे आपले पहिले काम आहे, मग मालक कितीही नाराज होवो.

झाडांचा प्रश्नही असाच नाजूक आहे. सावलीसाठी बांधावर लावलेला काजू शोभून दिसतो, परंतु तो मेल्यावर मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. बांधावर गवत असावे, तेही कापलेले, म्हणजे बिळे, भेगा आणि ओल लपत नाहीत. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० पासून मातीच्या बांधावर टिकून आहे, तेव्हा दोष मातीला देण्यात अर्थ नाही.

पाझराचे मात्र बारकाईने शिकावे लागते. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो. आपल्याकडे पायाचा जांभा सच्छिद्र, त्यात पोकळ्या आणि खाली बरेचदा मऊ शेडी, म्हणजे जांभ्याखालची चिकणमातीसारखी माती. त्यामुळे पाझर अनपेक्षित ठिकाणी फुटतो. पावसाळ्यात सगळाच उतार ओला असल्याने काही कळत नाही. पाऊस थांबलेला आणि तलाव भरलेला अशा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो स्पष्ट दिसतो. अशाच एका सकाळी राखणदार आजोबा मला पायथ्याशी घेऊन गेले आणि म्हणाले, "सायबानू, ह्या पाणी आज गढूळ येता." मी ते काचेच्या बाटलीत भरून ठेवले. तासाभराने तळाशी बारीक पिवळसर मातीचा थर बसला होता. निवळ पाझर नोंदवहीत लिहून त्यावर लक्ष ठेवता येते. गढूळ पाझर म्हणजे धरणाच्या आतली माती बाहेर येत आहे.

तिथे चिखलाने किंवा सिमेंटने भोक बुजवण्याची इच्छा होते, ती आवरावी. बुजवलेले पाणी दुसरीकडे वाट काढते आणि आत दाब वाढतो. आम्ही त्या जागी प्रथम जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठी खडी पसरली, म्हणजे पाणी येत राहिले आणि माती अडली. त्याच वेळी विमोचकाची, म्हणजे तलावातले पाणी सोडण्याच्या नळाची झडप थोडीशी उघडून तलाव हळूहळू उतरवायला घेतला. घाईने उतरवला असता तर पाण्याने भिजलेला आतला, तलावाकडचा उतार घसरला असता. मालकाने नाताळची होड्यांची नोंदणी रद्द केली, आणि पाण्याची पातळी निम्म्यावर येईपर्यंत आजोबा रोज सकाळी एक बाटली भरून माझ्यासाठी ओट्यावर ठेवत राहिले.