प्वेब्लाच्या वसाहतकालीन वास्तू कशा पाहाव्यात
स्पॅनिशांनी १५३१ मध्ये वसवलेले मेक्सिकोतील प्वेब्ला पायीच पाहावे. जुने रस्ते काटकोनात आखलेले असल्याने वाट चुकण्याची फारशी भीती नाही. आरंभ मुख्य चौकालगतच्या कॅथेड्रलपासून करावा आणि रस्त्यापलीकडचे, १६४६ मध्ये स्थापन झालेले पालाफोक्सियाना ग्रंथालय लगेच उरकावे. खरा वेळ राखावा तो सांतो दोमिंगो चर्चमधील १६९० च्या रोझरी चॅपेलसाठी, कारण तेथील सोनेरी मुलाम्याच्या गिलाव्यात वेली, पाने आणि देवदूतांचे चेहरे इतके दाटले आहेत की नजर ठरत नाही. शेवटी आल्फेन्यीके वाडा गाठावा. त्याचे पांढरे नक्षीकाम ‘आल्फेन्यीके’ या साखरेच्या मिठाईसारखे दिसते, म्हणून हे नाव पडले. गंमत म्हणजे हा शब्द अरबीमार्गे थेट संस्कृत ‘फाणित’पर्यंत, म्हणजे काकवीपर्यंत पोहोचतो.