लेकीकडे सहा महिने जाताय? कुठल्या कार्डाने काय भरायचं ते इथूनच ठरवून जा

आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांतून सध्या कोणी ना कोणी अमेरिकेला निघालंय, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा नातू पहिल्यांदा शाळेत जाणार, आणि सगळ्यांचा मला एकच प्रश्न, ताई कार्ड कुठलं न्यायचं. मी आणि हे दोनदा सहा-सहा महिने एडिसनला लेकीकडे राहून आलो, न्यू जर्सीत. पहिल्या वेळी पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड उचललं आणि गेलो. परत आल्यावर पासबुक भरून आणलं तर प्रत्येक खर्चाच्या खाली दुसरी एक छोटी एंट्री, कुठे १७७, कुठे ९२, कुठे २२३. एकेक बघितली तर काहीच वाटत नाही पण सगळ्यांची बेरीज केली आणि मन खट्टू झालं, कारण तेवढ्यात नातवासाठी कितीतरी आणता आलं असतं. म्हणून दुसऱ्या वेळी जायच्या आधी दोन महिने बसून सगळं नीट समजून घेतलं, तेच इथे सांगते.

आधी हे कापतात कसं ते बघा. आपलं भारतीय कार्ड बाहेर वापरलं की बँक परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे चलन बदलून द्यायचा जादा आकार, लावते, बहुतेक साध्या कार्डांवर ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ४.१३ टक्के. थोड्या भारी कार्डांवर २ टक्के असतो, जीएसटी धरून २.३६. आता हिशोब करा, डॉलर ९० रुपये धरू, दोघांचा मिळून महिन्याला ६०० डॉलर खर्च, सहा महिन्यांत ३६०० डॉलर म्हणजे ३,२४,००० रुपये. साध्या कार्डावर यातले १३,३८१ रुपये नुसते मार्कअपमध्ये जातात, २ टक्केवाल्यावर ७,६४६, आणि ज्या कार्डावर मार्कअपच नाही तिथे शून्य. आठ दिवसांच्या ट्रिपला हा फरक हजार-दीड हजाराचा म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण आपण सहा महिने राहणार, महिन्यामागून महिना तेच कापत राहतं.

शून्य मार्कअपची कार्डं आहेत. स्कॅपियाचं फेडरल बँकेबरोबरचं क्रेडिट कार्ड, आरबीएलचं वर्ल्ड सफारी, आयडीएफसी फर्स्टचं वॉव, ही त्यासाठीच लोक घेतात. आपल्यासारख्या रिटायर्ड माणसांना वॉवचं महत्त्व जास्त, कारण ते फिक्स डिपॉझिटवर मिळतं, सॅलरी स्लिप लागत नाही. आपल्याला क्रेडिट कार्ड कोण देणार असं हे म्हणायचे, पण डिपॉझिट ठेवलं की त्याच्यावर कार्ड, आणि डिपॉझिटवर व्याज चालूच राहतं. फक्त बँका नियम बदलत असतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या साइटवरचं चार्जेसचं पान उघडून फॉरेन करन्सी मार्कअप ही ओळ स्वतः वाचा, एजंट फोनवर काय सांगतो त्यावर जाऊ नका. वार्षिक फी पण बघा. मार्कअप असलेल्या कार्डावर रिवॉर्ड पॉइंट भरपूर मिळतात असं कोणी सांगेल, पण ते पॉइंट वापरायला आपल्याला जमणार का हा प्रश्न आधी विचारा, मला तरी कापलेच न जाणारे पैसे जास्त आवडतात.

एकच कार्ड नेऊ नका ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. कामाप्रमाणे वाटून घ्या. दुकानातला आणि ऑनलाइन खर्च शून्य मार्कअपच्या क्रेडिट कार्डाने. रोख काढायला एक डेबिट नाहीतर फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर भरून नेतो ते. आणि तिसरं एक दुसऱ्या बँकेचं, बॅगेत वेगळ्या कप्प्यात, पहिलं हरवलं किंवा ब्लॉक झालं तर. त्यातलं निदान एक व्हिसाचं असू द्या, कारण तिकडे कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचंच घेतात, आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांची निम्मी खरेदी कॉस्टकोत असते हे जाऊन आलेल्यांना माहीत आहे. रुपे असेल तर आपलं साधं देशातलं रुपे तिकडे चालत नाही, आंतरराष्ट्रीय रुपे असेल तरच ते डिस्कव्हरच्या नेटवर्कवर चालतं, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

एटीएमबद्दल जरा सविस्तर सांगते कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले. आपल्याला सवय असते थोडे थोडे काढायची, दोन हजार काढले, संपले की परत काढले. तिकडे प्रत्येक वेळेला तीन प्रकारे कापतात. आपली बँक एका वेळचे साधारण १५० रुपये आणि जीएसटी म्हणजे १७७, शिवाय मार्कअप, आणि ज्याचं मशीन आहे तो त्याचे तीन-साडेतीन डॉलर वेगळे. ६० डॉलर काढले म्हणजे ५,४०० रुपये, त्याच्यावर १७७ अधिक २२३ अधिक ३१५, जवळजवळ ७१५ रुपये गेले, म्हणजे १३ टक्के! हेच ३०० डॉलर एकदम काढले तर १,६०० च्या आसपास जातात, सहा टक्के, आणि साठ-साठ करून पाच वेळा काढले तर ३,५७५. म्हणून काढायचे तर एकदम काढा. नुसता बॅलन्स बघायला सुद्धा एटीएमला जाऊ नका, त्याचेही पैसे लावतात, बॅलन्स मोबाइलवर बघा. आणि क्रेडिट कार्डाने रोख तर अजिबात काढू नका, त्याला वेगळी फी आणि बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज, तिथे सहसा महिनाभराची सवलत मिळत नाही. खरं सांगायचं तर अमेरिकेत रोख लागतेच कमी, पटेल ब्रदर्स या आपल्या भारतीय किराणा दुकानात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी कार्ड चालतं. जाताना चार-पाचशे डॉलरच्या नोटा इथूनच नेल्या की बरेच महिने पुरतात. अमेरिकेसारख्या देशांत जाताना नोटा माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, एवढं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसतं.

आता ही एक गोष्ट दोघांनीही पाठ करून ठेवा. मशीनवर कधी कधी विचारतात, रुपयात भरणार की इथल्या चलनात? रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, आकडा ओळखीचा असतो. पण कायम तिथल्याच चलनाचं बटण दाबायचं, डॉलर तर डॉलर, युरो तर युरो. रुपये निवडले की भाव तो मशीनवाला ठरवतो आणि त्यात त्याचे काही टक्के आधीच घातलेले असतात. येताना युरोपातल्या एका विमानतळावर आम्ही चॉकलेटं घेतली, ४५ युरोचं बिल, यांनी रुपयावर बोट ठेवलं आणि पावणेतीनशे रुपये जास्त गेले. वर आपल्याकडच्या बऱ्याच बँका बाहेर रुपयात केलेल्या व्यवहारावर सुद्धा एक टक्का आणि जीएसटी लावतात, म्हणजे शून्य मार्कअपचं कार्ड असूनही दोन्हीकडून गेले. त्यांचा भाव किती टक्के वर आहे ते कधी कधी दाखवतात, पण बारीक अक्षरात, आणि मागे रांग उभी असते. काउंटरवरचा मुलगा स्वतःच बटण दाबायला लागला तर थांबवा, डॉलर प्लीज म्हणा, आपला हक्क आहे तो.

फॉरेक्स कार्ड वाईट नाही, पण त्यात फी वेगळ्या जागी दडलेली असते. भरताना जो भाव देतात तो आणि गुगलवरचा त्या क्षणाचा भाव शेजारी ठेवून बघा, जो फरक दिसेल ती खरी फी, मग शून्य चार्ज असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो. शिवाय डॉलर भरलेले आणि वाटेत लंडनला पौंडात खर्च केला तर क्रॉस करन्सीचा चार्ज लागतो. फायदा एवढाच की भाव आज पक्का होतो, पुढे डॉलर चढला तरी आपल्याला फरक नाही. तेव्हा सगळे पैसे एकदम भरू नका, दीड-दोन महिन्यांचे भरा, पुढचे नेटबँकिंगने टाका, कारण परत आल्यावर उरलेले डॉलर बँकेला विकताना पुन्हा कमी भाव मिळतो. २,००० डॉलरपर्यंत स्वतःकडे ठेवता येतात, त्यावरचे परत आल्यापासून १८० दिवसांत परत करायचे असतात. टीसीएस, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ कापला जाणारा कर, त्याची भीती लोक उगाच घेतात, डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च त्याच्या हिशोबात धरतात पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि बाहेर जाऊन क्रेडिट कार्डाने केलेला खर्च त्यात धरायचं सरकारने २०२३ मध्ये पुढे ढकललं ते तसंच आहे.

सगळ्यात स्वस्त मार्ग मात्र घरातच असतो. किराणा, भाजी, औषधं हा रोजचा खर्च लेकीच्या तिथल्या कार्डावर होऊ द्या, मार्कअपचा प्रश्नच येत नाही. आपल्याला मुलीचे पैसे वापरायचा संकोच वाटतो, मलाही वाटायचा, यांना तर फारच. त्यावर आम्ही असं केलं की वहीत डॉलर लिहून ठेवायचे आणि महिन्याच्या शेवटी तेवढे रुपये तिच्या इथल्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात, टाकायचे. जवळच्या नातेवाइकाला असे रुपये भेट देता येतात, परदेशात पैसे पाठवायच्या वर्षाच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत ते मोजले जातात, आपण त्याच्या जवळपासही जात नाही. तिचा नाशिकच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटचा हप्ता त्याच खात्यातून जातो, म्हणजे तिलाही तिकडून तेवढे कमी पाठवावे लागले. आमचा मानही राहिला.

निघायच्या आधी पंधरा दिवस कार्डावरची तारीख बघा. यांचं डेबिट कार्ड नोव्हेंबरात संपलं, नवीन आलं ते नाशिकला शेजारच्या वहिनींकडे पडून, आम्ही एडिसनला, काहीच करता येईना. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच येतो, तो ॲपमधून चालू करा, लिमिट टाका, पिन इथल्या एटीएमला एकदा वापरून बघा. मोबाइलचं सिम रिचार्ज करून इंटरनॅशनल रोमिंग चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाही आणि फॉरेक्स कार्डात पैसे भरायचेच राहतात. क्रेडिट कार्डाचं बिल खात्यातून आपोआप जाईल असं करून ठेवा, एक तारीख चुकली तर वाचवलेलं सगळं लेट फीमध्ये जातं.

तिकडच्या पेट्रोल पंपावर कार्ड घातलं की पिनकोड विचारतात, आपला चालत नाही, सरळ आत काउंटरवर जाऊन पैसे द्या. हॉटेलात टिप नंतर मिळवतात म्हणून मेसेजमधला आकडा आणि स्टेटमेंटमधला आकडा वेगळा दिसतो, घाबरू नका, पावती जपून ठेवा. आणि मार्कअपवाल्या कार्डाने घेतलेला कपडा परत केला तर किमतीचे पैसे येतात, मार्कअप सहसा परत येत नाही, तेव्हा मापाची खात्री नसेल तर तो ड्रेस लेकीच्या कार्डावर घ्या.

परत आल्यावर परदेशातला वापर ॲपमधून लगेच बंद करा आणि पुढची दोन स्टेटमेंट ओळीओळीने वाचा, आम्हाला मुक्कामाच्या एका हॉटेलने कार्डावर अनामत म्हणून अडवलेले १०० डॉलर घरी आल्यानंतर तीन आठवड्यांनी सुटलेले दिसले.