टार्टनचं मूळ शोधताना या चुका टाळा

टार्टन म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चौकड्यांचं स्कॉटिश कापड. स्कॉटिश घराण्याच्या टार्टनचा शोध बहुतेक जण आडनावापासून सुरू करतात. दुकानाच्या यादीत आडनाव शोधायचं, त्यापुढचा चौकड्यांचा नमुना पूर्वजांचा मानायचा, आणि पुढचा सगळा शोध तीच गोष्ट खरी ठरवण्यात घालवायचा. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. घराण्याचा इतिहास वेगळा, कापडाचा वेगळा. दोन्ही स्वतंत्रपणे शोधा आणि मग ते कुठे जुळतात ते पाहा.

आडनाव फसवं असतं, हे आपल्याला सांगायला नको. सगळे कुलकर्णी एका कुळातले नसतात. तसंच मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा आणि स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार तर गावोगावी होते. त्यामुळे एखादं आडनाव अमुक क्लॅनच्या (स्कॉटिश कुळाच्या) यादीत दिसलं, एवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही.

दुसरी चूक नमुन्याच्या वयाची. कलोडनच्या लढाईत बंड मोडून काढल्यानंतर 1746 साली कायदा करून हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या पारंपरिक वेशावर बंदी आणली गेली. ती 1782मध्ये उठली. टार्टनची क्लॅननुसार ठरलेली नावं मुख्यतः त्यानंतरची आहेत. 1815मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने क्लॅनप्रमुखांकडून मोहोरबंद नमुने मागवले, तेव्हा आपलं टार्टन कोणतं हे काही प्रमुखांनाच ठाऊक नव्हतं. 1822मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि मागणी एकदम वाढली. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांकडे बरेच नमुने आधी नुसत्या क्रमांकाने विकले जात, नावं नंतर चिकटली. आज मॅकफर्सन म्हणून ओळखला जाणारा एक नमुना त्यांच्याकडे आधी ‘किड’ नावाने विकला जाई. म्हणून नाव कधी लागलं ही तारीख वेगळी लिहून ठेवा.

1842च्या ‘व्हेस्टियारियम स्कॉटिकम’वर तर डोळे झाकून विश्वास नको. जुन्या हस्तलिखितावर आधारलेलं म्हणून सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी ते छापलं, पण ते बनावट ठरलं. तरीही त्यातले अनेक नमुने आज त्या त्या घराण्यांनी आपले मानले आहेत. आजच्या वापरासाठी ते चालतील, पुरावा म्हणून चालणार नाहीत.

‘एन्शंट’ हा शब्दही असाच चकवतो. तो फिक्या रंगछटेला दिलेला आहे, नमुन्याच्या वयाशी त्याचा संबंध नाही. एकच नमुना ‘मॉडर्न’ गडद रंगांत आणि ‘वेदर्ड’ मातकट रंगांतही विणतात. जुना किल्ट (पुरुषांचा चुणीदार, घागऱ्यासारखा पोशाख) हाती असेल तर चुण्यांच्या आत किंवा दुमडलेल्या कडेला पाहा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे मूळ रंग तिथेच नीट कळतो.

प्रत्येक पट्ट्यातल्या धाग्यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच नमुना बाद करू नका. जाड-बारीक कापडाप्रमाणे संख्या बदलते, म्हणून पट्ट्यांचा क्रम आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण ताडून पाहा. ज्या पट्ट्यापासून क्रम उलटा फिरतो, तो कुणी पूर्ण मोजतं, कुणी अर्धा. निम्मा घोळ तिथेच असतो.

मग स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स, म्हणजे टार्टनची अधिकृत नोंदवही उघडा. ते 2009 साली सुरू झालं आणि स्कॉटलंडचं राष्ट्रीय अभिलेखागार ते सांभाळतं. नावाबरोबर रंगांवरूनही शोधा आणि नमुन्याखालची टीप पूर्ण वाचा. नोंदणीची तारीख म्हणजे नमुन्याची जन्मतारीख नव्हे. एकच नमुना दोन नावांखाली सापडला तर गोंधळू नका: ब्लॅक वॉच या लष्करी टार्टनशी कॅम्पबेल आणि ग्रँट, दोघांचंही नाव जोडलेलं आहे.

माणसांच्या बाजूने मागे जाताना 1855पासूनच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदी पाहा, त्याआधीसाठी चर्चच्या वह्या. पूर्वज 1815च्या आधीच परदेशी गेला असेल, तर आजच्या क्लॅन-टार्टनला त्याचा वेश म्हणण्यापूर्वी घरातलं जुनं कापड, चित्र किंवा विणकराची पावती शोधा.