प्लग आणायला जाताय? आधी जुना काढून खिशात घाला

गाडीचा स्पार्क प्लग आणायला दुकानात जाण्याआधी जुना प्लग खिशात घाला. पुढे बरंच लिहिलंय, पण एवढं पाळलंत तर बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. गेल्या वर्षी मी खिशात प्लगऐवजी चिठ्ठी घालून गेलो होतो आणि चिठ्ठीवर ‘बीपी६’ एवढंच खरडलेलं होतं. पुण्याच्या नाना पेठेत काउंटरवर ही गर्दी. आतून आवाज आला, “ईएस की एचएस?” मी म्हणालो, “कुठलाही द्या हो, चार द्या.” त्या ‘कुठलाही’पायी पुढे इंजिनचं हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात ते वरचं झाकण, उतरवावं लागलं. दुकानदाराचा काही दोष नाही, त्याने विचारलं होतं.

गाडी १९७६ची ॲम्बॅसिडर, मार्क थ्री. इंजिन १४८९ सीसी, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. जुन्या एमजीए १५०० गाडीतही हेच असायचं. ज्यांची ॲम्बॅसिडर नंतरची, इसुझू इंजिनवाली १८०० आहे, त्यांनी माझे आकडे उचलू नयेत. पद्मिनीवाल्यांनीही नाही. तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर ते बघा, नसेल तर जुना प्लग बघा. मात्र त्याआधी जुना प्लग तरी बरोबर आहे ना, याची खात्री करा, कारण आधीच्या मालकानेही ‘कुठलाही द्या’ म्हटलेलं असू शकतं.

आता ती अक्षरं. एनजीके कंपनीच्या ‘बीपी६ईएस’मधला पहिला ‘बी’ म्हणजे १४ मिमी आटे. ‘पी’ म्हणजे चिनी मातीचं टोक थोडं पुढे आलेलं. ६ हा उष्णतेचा आकडा. मग येतो ‘ई’. ई असेल तर आट्यांची लांबी १९ मिमी, आणि त्या जागी एच असेल तर १२.७ मिमी. शेवटचा एस म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. मध्ये ‘आर’ आला, म्हणजे बीपीआर६ईएस, तर आत रेझिस्टर आहे. रेडिओची खरखर कमी होते, जुन्या इंजिनला काही त्रास नाही. बॉशमध्ये हाच प्लग डब्ल्यू७डीसी, तिथे आखूड हवा असेल तर डी-च्या जागी बी. चॅम्पियनमध्ये एन लांब आणि एल आखूड. आमच्या हेडला लांब लागतो. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला आखूड लागतो. दोन्हींचे आटे १४ मिमी आणि पानाही तोच, २१चा. डब्यातून काढल्यावर एकटा प्लग हातात धरला तर फरक कळत नाही. जुना शेजारी धरला की शेंबड्या पोरालाही कळतो.

आखूड प्लग लांब भोकात अगदी सुरेख बसतो, आणि फसगत होते ती तिथेच. कुठे अडत नाही, वॉशर छान दाबला जातो, गाडी चालूही होते. पण ठिणगी भोकाच्या आत सहा मिमी दडून पडते, आणि खालचे उघडे आटे कार्बन गोळा करत बसतात. माझी गाडी आयडलला थोडी लंगडायला लागली. मी तीन महिने कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसलो. शेवटी खंबाटकी घाटाच्या चढावर सेकंड गिअरमध्ये मिसिंग मारायला, म्हणजे मध्येच ठिणगी चुकवून धक्के द्यायला लागली, मागे ट्रकांची रांग, घरची मंडळी खिडकीतून बाहेर बघतायत. साताऱ्याच्या मेकॅनिकने एक प्लग काढला, स्वतःच्या डब्यातला एक शेजारी धरला आणि काही न बोलता दोन्ही माझ्या हातात दिले.

तिथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. घरी येऊन मी बरोबर लांबीचे चार आणले आणि कार्बन साफ न करताच घालायला बसलो. चौथ्या भोकात प्लग अर्ध्यावर अडला, तर मी पान्याच्या दांड्याला पाइप लावून रेटला. आटे गेले. हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, भोकाला बुश बसवून घ्या, नवं गॅस्केट टाका. उलट चूक, म्हणजे आखूड हेडमध्ये लांब प्लग, याहून वाईट. तिथे प्लगचं टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतं, आणि उघडे आटे तापून लाल होतात. तेव्हा जुना शेजारी धरा. चारही नवे धरा, एक बघून बाकीचे तसेच असतील म्हणू नका. एका डब्यात वेगळा निघालेला मी पाहिलाय. नकलीही भरपूर फिरतात. छपाई पुसट, वॉशर सैल, मधलं टोक तिरकं दिसलं की परत करा.

उष्णतेच्या आकड्यात शहाणपणा करू नका. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळते, आणि ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच ते पेट्रोल पेटवू लागतं. आकडा निवडायचा तो या दोन्हींच्या मधे राहण्यासाठी. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर शोधणारे लोक मी पाहिलेत, मीही त्यातलाच. पुस्तकात आहे तोच घ्या. इंजिन तेल पीत असेल म्हणून गरम प्लग घालणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं; दोन दिवस चालतं. महागडे इरिडियमचे प्लग कशाला? पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इग्निशनच्या गाडीला तांब्याचे साधे प्लग पुरेसे आहेत, आणि बिघडले तर टाकून द्यायला जीव जळत नाही.

काढताना इंजिन गार हवं. आदल्या रात्रीपासून उभी असेल तर उत्तम. अॅल्युमिनियमचं हेड असेल तर हा नियम दुप्पट पाळा. वायर ओढू नका, टोपी धरून काढा. वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ लिहा. एक नंबर रेडिएटरकडून. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे हे पाठ असलं तरी लिहा, मध्येच कोणीतरी चहाला हाक मारतंच. प्लग अर्धा फेरा सैल करा आणि थांबा. सायकलच्या पंपाने भोवतालची धूळ, वाळलेली पानं उडवा, मगच पूर्ण काढा. आमच्या सोसायटीत गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्या पाकळ्या कुठेकुठे सापडतात, ते विचारू नका.

काढलेले प्लग ओळीने ठेवा, गोळा करून डब्यात टाकू नका. कुठला कुठल्या भोकातला हे कळलं नाही तर बघून उपयोग नाही. आणि बघायचे असतील तर गाडी आधी वीस-पंचवीस किलोमीटर नीट पळवून थेट बंद केलेली असावी. दारात दहा मिनिटं आयडलला ठेवली की कुठलाही प्लग काळा दिसतो. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर चांगलं. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा चोक अडकलाय. ओला, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत; त्याला प्लग बदलून काही होत नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. जुन्या पुस्तकांतले रंग शिशाच्या पेट्रोलचे आहेत, आणि ते आपल्याकडे २००० साली बंद झालं. आताच्या पेट्रोलवर प्लग मुळातच फिका दिसतो. त्यात वीस टक्के इथेनॉल असेल तर मिश्रण आणखी पातळ पडतं, म्हणून हल्ली जरा जास्तच पांढरं दिसलं तर घाबरण्याआधी कार्बोरेटर तपासा.

साफ करायचे तर पितळी ब्रश आणि पेट्रोल. ग्राइंडरच्या वायरब्रशने घासू नका, चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि ठिणगी त्यावरून पळते. गॅसवर भाजू नका, ती लुनाच्या जमान्यातली सवय. तडा गेलेला, हातातून फरशीवर पडलेला प्लग सरळ टाका.

गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, ०.६५ मिमी, जुन्या हिशेबात २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). ‘कंपनीतून गॅप लावूनच येतो’ हे खरं, पण तो ०.८ मिमीचा असू शकतो, आणि पेटीतून येताना ठोकर खाल्लेलीही असते. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला, किंचित घासून जाईल इतकंच. वाकवायचं ते बाहेरचं टोक. मधल्याला आधार देऊन पान्याने उचकटलंत तर आतली माती तडकते.

आता बसवणं. आधी भोकातले आटे बघा. टॉर्च लावा. शेवटच्या चार-पाच आट्यांत काळं दिसलं तर टॅपवर (आटे पाडायच्या हत्यारावर) ग्रीस लावून अगदी हलक्या हाताने फिरवा, चिकटलेला कार्बन ग्रीसमध्ये येतो. हेच मी केलं नाही. प्लगच्या टोकाला पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा अडकवा आणि त्या नळीने फिरवा. आटा चुकला तर नळी घसरते, पाना घसरत नाही. प्लग सगळा हातानेच गेला पाहिजे. अडला तर काढा, पुन्हा बघा. अजून अडला तर पुन्हा जुना शेजारी धरा. पाइप लावू नका. हाताने टेकल्यावर नव्या वॉशरला अर्धा फेरा, वापरलेल्या वॉशरला एक बारांश, म्हणजे घड्याळात पाच मिनिटांएवढा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना तेल-ग्रीस काही लावायचं नाही, त्याने नकळत जास्त आवळलं जातं.

वायरी जागेवर, टोप्या कटकन बसेपर्यंत. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. वायरींवर निळं काही नाचताना दिसलं तर त्या बदला, प्लगला शिव्या देऊ नका. पावसाळ्यात टोप्यांच्या आतलं पाणी पुसा.

५००० किलोमीटरला काढून बघणं, गॅप पुन्हा लावणं. १५,०००ला बदलणं. गाडी वर्षात दोनदाच निघत असेल तर किलोमीटर मोजू नका, दिवाळीआधी एकदा काढा.

डिकीत पाना, गेज, नळीचा तुकडा, दोन चालू जुने प्लग. ईएस. बघून ठेवा.