बाबांना फोन सकाळी लावा

मी न्यू जर्सीत, बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात, दादा-वहिनींकडे. बाबांना स्मृतिभ्रंश आहे, डिमेन्शिया. बाहेर राहणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितो, कारण पहिलं वर्ष मी सगळं उलटं केलं.

आधी फोनची वेळ बदला. मी साडेआठला, ऑफिसला निघताना लावायचो. उन्हाळ्यात तेव्हा गावात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. या आजारात दिवस मावळला की गोंधळ वाढतो, आणि नेमकं तेव्हाच मी विचारायचो, "ओळखलं का?" बाबा चिडायचे. आता रात्री साडेअकरापर्यंत जागतो. तिथे सकाळचे नऊ, चहा झालेला. पहिलं वाक्य माझंच: "बाबा, मी तुमचा लहाना." काल काय जेवले ते विचारू नका. पहिली बैलजोडी केवढ्याला घेतली ते विचारा, अर्धा तास बोलतील.

फोनवर बरे वाटले तरी भुलू नका. "हाव, बरं हाय" एवढ्यावर ते दहा मिनिटं निभावून नेतात. वहिनी सांगायच्या ते मला कुरकुर वाटायचं. खरं त्याच सांगत होत्या.

एका डॉक्टरने "वय झालं" म्हणून परत पाठवलं. तसं ऐकून घरी येऊ नका. बी-१२, थायरॉइड, कान, डोळे तपासून घ्या. मन खचल्यानेही विसर पडतो, आणि यातलं बरंचसं सुधारतं. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन-चार दिवसांतच माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागू लागला तर साधा लघवीचा संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी गाडी काढा.

फवारणीचं औषध घरातून हलवा, आजच. विहिरीला जाळी. सदऱ्याच्या खिशात नाव, गाव, फोन लिहिलेली चिठ्ठी. बाबा दोनदा तालुक्याच्या स्टँडवर सापडले. तेव्हापासून कंडक्टर आणि पानठेलेवाल्याकडे दादाचा नंबर आहे.

कागदपत्रं समज शाबूत असतानाच करा. माणसाची समज गेली की त्याने आधी दिलेलं मुखत्यारपत्रही आपल्या कायद्यात टिकत नाही. मृत्युपत्र, बँकेचं संयुक्त खातं, सगळं आधी.

संध्याकाळी बाबा बैलबंडी जुपायला निघतात, "सेंटरवर नंबर लावाचा हाय." १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारी सेंटरवरच विकायचा; त्या काळातल्या बंड्यांच्या रांगा त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. दादा समजवायचा की ते सेंटर कधीच बंद झालं. रोज भांडण. वहिनींनी एका वाक्यात मिटवलं: "मामाजी, नंबर उद्याचा हाय, आज जेवून घ्या." हे खोटं मला आधी खटकलं. आता मीही बोलतो.

मी टॅबलेट पाठवला होता, त्यावर पोरं गेम खेळतात. त्यापेक्षा मदतीला बाई ठेवा, तिचा पगार तुम्ही द्या. आणि सुटीवर गेलात की दादा-वहिनींना आठ दिवस बाहेर धाडा. मी दिवाळीत धाडलं. तिसऱ्या रात्री दोन वाजता बाबा उठून बसले.

"तू कोन?"

"गडी, मालक."

"बैलाले कुटार टाकलं का?"

बैल विकून अकरा वर्षं झाली. मी अंगणात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, परत आलो.

"टाकलं."

"मंग झोप."