डबल केबिन केलेला पिकअप खाली घेताना

सिंगल केबिनचा पिकअप कापून, चासी वाढवून डबल केबिन केलेला असेल, तर तो खाली घेण्याचं, म्हणजे त्याची उंची कमी करण्याचं, काम कारखान्यातून तसाच निघालेल्या गाडीपेक्षा वेगळं असतं. चासीला जोड असतो, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) बहुधा वाढलेला असतो, आणि कुठल्या एक्सलवर किती वजन पडतं हे कुठेच छापलेलं नसतं. म्हणून अशी गाडी आली की खाली घेण्याच्या सामानाचं किट मागवण्याआधी मी ती वजनकाट्यावर पाठवतो. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा, टाकी भरून. दुसरी केबिन लागल्यावर वजन कुठे सरकलं हे तिथेच कळतं, आणि पुढचे स्प्रिंग त्यावरून निवडायचे.

मग मापं. चारही चाकांना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा कमी-जास्त झाली तरी आकडा फसवतो. त्यानंतर गाडीखाली जाऊन मागच्या एक्सलच्या नळीपासून चासीपर्यंत किती जागा आहे ते बघा. किती इंच खाली घ्यायचं हे ती जागा ठरवते. सगळ्या सीट भरलेल्या असताना खड्डा आला, तर एक्सलला वर यायला निदान 3 इंच मोकळे हवेत, हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी सोडत नाही.

मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे, असेल आणि दोन इंचांच्या आतच काम असेल, तर शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि हँगर (पाटे ज्यावर टांगतात तो चासीवरचा ब्रॅकेट) बदलून भागतं. इथे शॅकल नीट बघा. तो चासीवरून खाली लोंबत असेल तर आखूड शॅकलने गाडी खाली येते. पाट्याच्या टोकाचा गोल डोळा शॅकलच्या चासीकडच्या पिनच्या वर असेल तर लांब शॅकलने. शॅकलमध्ये जेवढा फरक कराल त्याच्या साधारण निम्मा एक्सलपाशी मिळतो. पाटे काढून गाडी खाली घेणारे आहेत, पण डबल केबिनमध्ये माणसं वाढलेली असताना पाटे कमी करणं मला अजिबात मान्य नाही.

पाटे एक्सलच्या वर बसवलेले असतील आणि जास्त खाली घ्यायचं असेल, तर फ्लिप करतात: एक्सल पाट्यांच्या वर घ्यायचा. पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी अधिक नळीचा व्यास, एवढी गाडी खाली येते. सहसा 5 ते 6 इंच. एवढं केलं की एक्सल चासीवर आपटणार, म्हणून तिथे चासीला सी-नॉच, म्हणजे C आकाराची खाच, घ्यावा लागतो. नॉच जोडाच्या जवळ येत असेल तर तिथेच थांबा आणि कमी खाली घ्या. कापलेला कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या, कारण चीर काटकोनातूनच सुरू होते. कापायच्या आधी नॉचची प्लेट हातात तयार हवी, आणि चासीला दोन्ही बाजूंनी आधार हवा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, डिझेलची नळी आणि वायरिंग बाजूला घ्या.

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते: प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणारा फिरता दांडा. लांब व्हीलबेसमुळे तो बहुतेक दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. एक्सल वर गेला की मागच्या तुकड्याचा कोन बदलतो आणि वेगात गाडीच्या तळाखालून घुमल्यासारखी थरथर येते. म्हणून फ्लिपचे नवीन पाट-सीट (एक्सलवर पाटे बसवायची बैठक) आधी फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्यांपुरतं वेल्ड करा, गाडी चाकांवर उतरवा आणि अँगल मीटर लावा. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (कोनात फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन जवळपास सारखे आणि तीन अंशांच्या आत यायला हवेत. पाट्यांच्या गाडीत पिनियनचं (एक्सलमधला शाफ्ट जोडायचा दांडा) नाक जरा खाली ठेवा, कारण जोर पडला की ते वर उचललं जातं. गरज पडली तर सेंटर बेअरिंगखाली पट्टी घाला. सगळं जमलं की मगच पक्कं वेल्डिंग, तेही थोडंथोडं, थंड होऊ देत, नाहीतर नळी वाकते.

पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) असेल तर ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाची धुरी वर बसवलेले स्पिंडल, मला सगळ्यात आवडतात. साधारण 2 इंच मिळतात आणि स्प्रिंगची चाल तशीच राहते. कॉइल कापला तर तो कडक होतो, आणि गॅसने तापवला तर पाणीच उतरतं. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असेल तर त्याचा बोल्ट थोडा सैल करून गाडी बसते, पण बंप स्टॉपला (चाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला) टेकणार नाही इतपतच. कॉइल काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (कॉइल दाबून धरणारं हत्यार) दोन्ही बाजूंनी समान आवळा आणि तोंड समोर ठेवू नका.

शॉकअप आखूड घ्या. जुनेच ठेवले तर खड्ड्यात आतून आपटून फुटतात. मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा) असेल तर त्याचा दांडा पुन्हा सेट करायलाच हवा. गाडी खाली आली की व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय, मागचा दाब वाढतो, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात. ओल्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं.

पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच लावा, जुने पुन्हा वापरू नका. रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते अडकवून ठेवा, शेवटचा ताण वजन चाकांवर आल्यावर द्या. नाहीतर बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. मग चाकं पूर्ण वळवून ब्रेकचे होज आणि टायर कुठे घासतात का बघा, अलाइनमेंट करा, हेडलाइट सेट करा. काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टवर पुन्हा टॉर्क पाना लावा, आणि त्याच वेळी चासीचा जोड तारेच्या ब्रशने घासून, चांगल्या उजेडात, बारीक चीर दिसते का ते तपासा.