कॉलेज फुटबॉलचा बॅलन्स पैशाने बिघडलाय का, हे घरबसल्या कसं तपासायचं

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांचं हल्ली एकच रडगाणं: 2021 पासून पोरं स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ लागली (एनआयएल), वर ट्रान्स्फर पोर्टल (पोरांना कॉलेज बदलण्याची सोय), म्हणजे आता श्रीमंत कॉलेजं सगळंच ओरबाडणार. भांडण्याआधी एक्सेल उघडा.

सुरुवात आधीच्या काळापासून करा, नेमकं हेच सगळे गाळतात. 2014 ते 2020 प्लेऑफचे (चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीचे) सात सीझन, त्यात अलाबामा तीनदा चॅम्पियन, क्लेमसन दोनदा, ओहायो स्टेट आणि एलएसयू एकेकदा. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्या, 15 भागिले 49, म्हणजे साधारण 0.31. दरवेळी नवा चॅम्पियन असता तर 0.14 आलं असतं; आकडा जितका मोठा, तितकी मूठभरांची मक्तेदारी. आणि हे पोरांच्या कमाईवर बंदी होती तेव्हाचं बरं का! पैसा तेव्हाही होताच, तो कोचच्या पगारात आणि चकाचक लॉकर रूममध्ये जिरायचा.

मग एका कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) सगळ्या टीम्सचं विनिंग पर्सेंटेज एका कॉलममध्ये टाका, पण कॉन्फरन्सच्या आतल्याच मॅचेस घ्या, कारण बाहेरच्या मॅचेसना मोठी कॉलेजं लिंबूटिंबूंना चेक देऊन घरी बोलावतात आणि धुतात, त्याने आकडा उगाच फुगतो. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढा. आठ मॅचेस असतील तर सगळ्या टीम्स तोडीस तोड असूनही नुसत्या नशिबाने 0.18 च्या आसपास येतंच (0.5 भागिले 8 चं वर्गमूळ), म्हणून त्याने भागा. उत्तर 1 च्या जवळ तर चुरस, 2 कडे सरकलं तर दरी मोठी. एका सीझनवर जाऊ नका, सरासरी काढा, आणि 2020 वगळा, कोविडने वेळापत्रकच विस्कटलेलं.

शेवटी तळातून वर कोण आलं ते बघा, मला तरी हे सगळ्यात बोलकं वाटतं. इंडियाना 2023 ला 3-9 (3 जिंकल्या, 9 हरल्या), मग कर्ट सिग्नेटी कोच आला, जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या छोट्या कॉलेजातली बरीच पोरं घेऊन आला, आणि 2024 ला 11-2, थेट प्लेऑफ. त्याच वर्षी वँडरबिल्टने नंबर वन अलाबामाला 40-35 लोळवलं, त्यांचा क्वार्टरबॅक (हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) डिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेटहून आलेला. पूर्वी बडी कॉलेजं चांगली पोरं बाकावर साठवून ठेवायची, आता ती निघून जातात.

पण जेम्स मॅडिसनचं काय झालं तेही त्याच शीटमध्ये टाका, छोट्या कॉन्फरन्सचा कॉलम वेगळा ठेवा. 2024 पासून प्लेऑफला 4 ऐवजी 12 टीम्स आहेत, त्यामुळे नुसत्या एंट्र्या मोजून आधी-नंतर करू नका, आणि 2025-26 पासून कॉलेजं स्वतःच पोरांना पैसे वाटू शकतात (पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत मुभा होती), ते सीझन आधीच्यांत मिसळू नका.